ताटलीवरचं नाव

अण्णा, आई जेवत नाहीये. अगदी उपाशी आहे असं नाही. सकाळी मी भरवलेला दूधपोळीचा काला थोडाफार पोटात जातो, संध्याकाळी वरणभाताचे चार घास जातात. पण दुपारचं जेवण, जे ती कित्येक महिने चाटूनपुसून जेवत होती, ते तीन घासांवर आलंय. काल डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच तिच्या ताटातलं काढून खाते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावंसं मला कधी वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. आज लिहितेय, कारण हे सगळं प्रकरण फिरून फिरून तुमच्या हातच्या एका कामापाशी येतं.

आईला विसरायला व्हायला लागलं त्याला चार वर्षं होतील. आमटीत दोनदा मीठ, गॅस तसाच चालू, आणि संध्याकाळी सहा वाजले की दाराशी जाऊन तुमची वाट बघणं. पहिले सहा महिने मला वाटत होतं, ही मुद्दाम करतेय. मी ऑफिसातून वेळेवर घरी यावं म्हणून. हसू नका. माझं कामच तसं आहे. मिरा रोडच्या त्याच कॉलेजात मी अजून प्रवेशाची कागदपत्रं तपासते. मूळ दाखला एका हातात, झेरॉक्स दुसऱ्या हातात, आणि समोरचं पोरगं खोटं बोलतंय असं धरूनच सुरुवात करायची. आणि ही सवय मुळात तुमचीच. स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी स्टुलावर बसून तुम्ही आयुष्यभर लोकांच्या भांड्यांवर नावं घातलीत, पण कोणी तोंडी नाव सांगितलं तर मशीनला हात लावायचा नाहीत. "चिठ्ठीवर लिहा, खाली सही करा." एका बाईने आहेराच्या कळशीवर आडनाव चुकलं म्हणून भर रस्त्यात तुमची शोभा केली होती, चूक तिचीच होती, तेव्हापासूनचं हे. शाळा सुटली की मी तुमच्या शेजारी बसून त्या चिठ्ठ्या तारेत ओवायचे. माणसाची जीभ फिरते, कागद फिरत नाही, हे मी त्या पायरीवर शिकले.

आईला एकटं ठेवता येईना, तेव्हा ब्यूरोमधून बायका ठेवल्या. एकामागून एक तीन. पहिली दूध पिते असं मला वाटायचं, म्हणून पातेल्याला बाहेरून पेनने खूण करून जायचे. दुसरी आईला दुपारी झोपेची गोळी देत असणार, अशी मनात पाल चुकचुकली. कारण काय, तर आई शांत झोपायची. तिसरीच्या वेळी कपाटावर कॅमेराच बसवला आणि ऑफिसात डबा खाताना मोबाइलवर बघत बसायचे. तिला ते कळलं. जायच्या दिवशी चप्पल घालता घालता म्हणाली, "दीदी, आपको बाई नहीं चाहिए, आपको तो पुलिस चाहिए." आई तिच्यामागे दारापर्यंत गेली आणि "पोचलीस की निरोप दे हो" म्हणाली. त्या सगळ्याजणींना ती घरी आलेल्या पाहुण्या समजायची.

मग वर्षापूर्वी एका संस्थेने हाटकेशला अशा म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराचं सेंटर काढलं. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, वर दुसऱ्या मजल्यावर हे. सकाळी दहाला गाडी न्यायला येते, चारनंतर आणून सोडते. यात काहीतरी गोम असणार, याची मला पहिल्या दिवसापासून खात्री. मी न सांगता तीनदा जाऊन धडकले. एकदा संडास बघितले, स्वच्छ होते. एकदा औषधांचं कपाट उघडायला लावलं, कुलूपही होतं आणि वहीही होती. तिसऱ्यांदा बघते तर आई आणि आणखी सहासात जण गोल बसून मटार सोलतायत. म्हटलं, सापडले! फुकटात राबवून घेतायत. तिथे कामाला एक बाई होती, खारी गावातली, पन्नाशीची, माझ्याहून दोनचार वर्षांनी लहान. तिला मी तिथल्या तिथे फैलावर घेतलं. ती सोलता सोलताच म्हणाली, "अगो, हात रिकामं रायलं का मानूस घाबरतंय. तू पन बस, घे मूठभर." मी बसले नाही. पण रिक्षात आठवत राहिलं, की आईचा चेहरा घरी असतो तसा ओढलेला नव्हता.

एक अडचण मात्र होती. आई तिथे जेवायची नाही आणि हाक मारली तर वळायची नाही. संस्थेच्या कागदांवर आईचं आधार कार्डावरचं नाव, म्हणजे लग्नात तुम्ही तांदळात लिहिलेलं. सगळे त्या नावाने हाका मारायचे आणि आई, दुसऱ्याच कोणाला तरी बोलावतायत अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत राहायची. आठवडाभराने खारीच्या बाईने मला गाडीपाशी गाठलं. "घरी कशान जेवते ती?" मी म्हटलं, ताटलीत, आणखी कशात. "मंग तिची ताटली आन ना." लगेच माझ्या डोक्यात आलं, जुनं जाड स्टील आहे, आताच्यासारखा पत्रा नव्हे, हिला ते कशाला हवंय? तरी नेली, कारण आईचं पोट महत्त्वाचं.

ती ताटली तुम्ही विसरला नसाल. लालबागची खोली सोडून आपण भाईंदरला आलो त्या वर्षीची गोष्ट. आजीचं आणि आईचं कशावरून तरी वाजलं होतं, आणि आई ओट्याकडे तोंड करून म्हणाली होती, या घरात चमच्यावरसुद्धा माझं नाव नाही. खरंच नव्हतं. प्रत्येक भांड्यावर तुमचं नाव, नाहीतर आजोबांचं, नाहीतर आहेर देणाऱ्या कुणाचं तरी. चार दिवसांनी तुम्ही कामावरून आलात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ओट्यावर ठेवलंत आणि हातपाय धुवायला मोरीत गेलात. आई कागद सोडते. ताटली. काठावर तिचं माहेरचं नाव. सौ. नाही, आडनाव नाही, नुसतं बारशाला ठेवलेलं नाव, जे लग्नानंतर आपल्याकडे कोणीच घेतलं नव्हतं. मी अकरा वर्षांची. मला वाटलं, कुठल्या तरी गिऱ्हाइकाने चुकीचं नाव पडलं म्हणून टाकलेली ताटली तुम्ही उचलून आणलीत. तसं मी आईला बोलूनही दाखवलं. तुम्ही मोरीतून ऐकलंत, ओल्या पायांनी बाहेर आलात आणि म्हणालात, "सगळंच काय तपासायचं असतं गं?" आवाज चढला नव्हता, पण तुम्ही माझ्यावर चिडलात असे दिवस मोजकेच, त्यातला हा. तरीही दुसऱ्या दिवशी दुकानात मी तारेतल्या सगळ्या चिठ्ठ्या उलटून बघितल्या. त्या नावाची चिठ्ठी नव्हती. ते एक नाव तुम्ही कोणाच्याही सहीशिवाय घातलं होतंत. आई तेव्हापासून त्याच ताटलीत जेवते.

खारीच्या बाईने ताटली उजेडाकडे धरली आणि ते नाव थांबून थांबून मोठ्याने वाचलं. आईने ओ दिली. अण्णा, मी तिथे उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. वळली, ताटलीकडे बघितलं, "ही माझी आहे," म्हणाली आणि जेवायला बसली. इतकी वर्षं मी तिला 'आई' म्हणत होते, आणि तिला 'आई' हे आपल्यालाच म्हणतात हे आताशा समजत नव्हतं, ते मला त्या बाईमुळे कळलं. मला त्याचा आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही. मग ती रोज त्याच नावाने बोलवायची, ताटली फिरवून नाव आईच्या बाजूला करायची, पहिला घास आईच्याच हातात द्यायची. हळूहळू इतरांच्याही घरून वाट्या, पेले, एकाचं तर पितळेचं फुलपात्र यायला लागलं. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, कोणी तिला शिकवलं नव्हतं. तिच्या सासूचं असंच झालं होतं, तिचं करता करता तिला ते उमगलेलं. मी मात्र ताटली तिथे ठेवू दिली नाही. रोज सकाळी आईच्या पिशवीत भरायची, संध्याकाळी परत आली का बघायची.

एका शुक्रवारी पिशवी उघडली तर ताटली नाही. फोन लावला. खारीची बाई म्हणाली, "आज ताटली आलीच न्हाय गो. वाटीन चारली तिला, पन धड जेवली न्हाय." मी म्हटलं, मी स्वतः भरली होती. "आली न्हाय." एवढंच. आवाजात गोंधळ नाही, गयावया नाही. मला वाटलं, खोटं बोलण्यात मुरलेली माणसंच अशी शांत असतात.

नेमकी पुढच्या आठवड्यात संस्थेने घरच्या लोकांची बैठक बोलावली. सेवा आणखी चांगली कशी करता येईल, सूचना लेखी द्या. लेखी म्हटल्यावर मी कशाला मागे राहते. दीड पान लिहिलं. घरची भांडी आणणं बंद करावं, सर्वांना एकसारखी ताटं द्यावीत. प्रत्येकाच्या छातीवर नावाची पट्टी असावी, नाव आधार कार्डाप्रमाणेच असावं आणि कर्मचाऱ्यांनी वाटेल त्या नावाने हाका मारू नयेत. जाताना कर्मचाऱ्यांच्या पिशव्या तपासाव्यात. चोरी हा शब्द मी कुठेही वापरला नाही, पण ज्याला कळायचं त्याला कळलं. संस्थेच्या साहेबांनी माझं पान सगळ्यांना वाचून दाखवलं. माना डोलल्या. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, इसको बोलते हैं सिस्टम." मला बरं वाटलं. खारीची बाई मागे उभी राहून सगळ्यांना पाणी देत होती.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून चारच्या सुमारास मुद्दाम तिथे गेले. गाडी अजून सुटायची होती. दाराशी टेबल मांडलं होतं. खारीच्या बाईची पिशवी उघडली. आत रिकामा डबा, घडी केलेला टॉवेल आणि पानात बांधलेला मोगऱ्याचा गजरा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माज्या पिशवीन हात घातलाव ना, आता मी न्हाय येत उद्या." गजरा तेवढा उचलला, आईपाशी गेली, तिच्या केसात माळला आणि ते नाव घेऊन म्हणाली, "येते गो." आई म्हणाली, "सांभाळून जा." पिशवी टेबलावरच राहिली. साहेबांनी ती नंतर शिपायाबरोबर तिच्या घरी पाठवून दिली.

पाच दिवसांनी आमची बेल वाजली. समोरच्या गुजराती काकी, हातात ताटली, ताटलीत हांडव्याचे तुकडे. काठावर ते नाव. काकी म्हणाल्या, "सॉरी हां, लेट झाला. मी वापीला मुलीकडे गेलेली ना. आणि तुझा भांडा खाली कसा परत देणार?" मग आठवलं. त्या गुरुवारी संध्याकाळी मी अळूवड्या केल्या होत्या, पातेलीत घालून काकींकडे दिल्या होत्या आणि झाकण सापडेना म्हणून धुतलेल्या भांड्यांतली हाताला लागली ती ताटली वर घातली होती. पातेली मला लागणार होती म्हणून काकींनी तेव्हाच घासून दिली, ताटली मात्र ठेवून घेतली, कारण आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि त्यांच्याकडेही करत नाहीत. शुक्रवारी सकाळी मी सवयीने, न बघता, पिशवी आईच्या खांद्याला अडकवली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, माझा कळसा समोरच्या दारात होता. मी काकींना ताकास तूर लागू दिली नाही. हांडवो मस्त झालाय म्हटलं, दार लावलं. आणि पहिला विचार काय आला सांगू? ही काकी खरंच वापीला गेली होती ना? दुसरा विचार मात्र माझ्यावरच आला. आईच्या विसरण्याचा कागद माझ्या कपाटात आहे, डॉक्टरांच्या सहीचा. मी स्वतःच्या हाताने दिलेलं दुसऱ्याच सकाळी साफ विसरले, त्याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी मी ताटली पुन्हा पिशवीत घालून स्वतः आईला सोडायला गेले. दाराशी अडवलं. "मॅडम, आपल्याच सूचनेनुसार बंद केलंय." भिंतीवर माझ्या मागण्या छापून लावल्यात, वर मथळा 'सेवेतील सुधारणा'. कप्प्याकप्प्यांची एकसारखी ताटं आलीत. आईच्या छातीवर पट्टी, पट्टीवर आधार कार्डावरचं नाव. नवीन मुलगी चांगली आहे, गोड आवाजात त्या नावाने बोलावते, आणि आई खिडकीबाहेर बघते. घरी मी ताटली पुढ्यात ठेवते, माहेरचं नाव घेते, पण माझ्या तोंडून ते आलं की आई बिचकते. बहुतेक मी ते खिडकीतून पुढच्या विद्यार्थ्याचं नाव पुकारावं तसं पुकारत असेन.

संस्थेला परत लेखी द्यायला हवं. ताटली माझ्याचमुळे हरवली होती, चूक माझी, ते नियम काढा, त्या बाईंना बोलवा. चार ओळींचं काम. लोकांचे अर्ज दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, आणि या चार ओळी काही माझ्याने होईनात. मग वाटलं, आधी तिला तोंडाने सांगावं. रविवारी खारीला गेले. चारी बाजूंनी इमारती आणि मधे ते गाव, देवळाजवळ विचारल्यावर एकाने घर दाखवलं. ती ओटीवर सुकट निवडत बसली होती. मला बघून सूप बाजूला केलं. "ये गो, बस." पाणी दिलं, आत चहा टाकून आली. मी का आले ते विचारलंच नाही. मला मनातल्या मनात वाटत होतं, ही आता ऐकवेल, चार बायका गोळा करेल. तिने विचारलं, "आयस जेवते का?"

मी म्हटलं, नाही.

तिचा हात सुकटीतच थांबला. मग ती मला सांगायला लागली. "तू उभी राऊन नको चारू. समोर बस, खाली. पयला घास तिच्या हातान दे. आनी नाव घेतलास का थांब जरा, ती बगेपरयंत थांब. तुला घाई लय." मी मान हलवत ऐकत होते. चहा आला, तिने बशीत ओतून दिला. मग म्हणाली, "ताटली गावली का गो?"

अण्णा, त्यासाठीच मी गेले होते. सांगायचं वाक्य रिक्षात चारदा घोळवलं होतं. मी म्हटलं, "नाही."

तिने लगेच खरं मानलं. एकदा वर बघितलंसुद्धा नाही. "जाऊ दे, जीवाला नको लावून घेऊ," म्हणाली, "दुसरी घे नि तेच नाव घालून आन. मी येते तुज्या घरी दोन दिस, कसं चारायचं त दाखवते." मी चहा संपवला, कळवते म्हटलं आणि उठले. तिने कागदात बांधून मूठभर सुकट दिली. आईला आवडते, हे तिला ठाऊक होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, ते मलाही माहीत आहे. पण एक सांगायचं राहिलं. आज रजा टाकून मी कागद घेऊन बसले ते तुमच्यासाठी नव्हे. तिच्यासाठी बसले होते. तिला वाचता येतं, घर आता मला माहीत आहे, पायी वीस मिनिटं. वर 'ताई' असं लिहिलं, आणि पुढे हात चालेना. मग ताई खोडलं आणि अण्णा लिहिलं.